लोकर, बटणं आणि जॅमची परीक्षा

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, मायक्रोबायोलॉजी. गेल्या वर्षापासून दर रविवारी अंध मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला जाते. पेशीविभाजनाचे मॉडेल बनवते म्हणून घरभर लोकर, बटणं, सुतळी पसरलेली असते. परवा सांगत होती, एका मुलीने मॉडेल चाचपून विचारलं, ‘हे दोन्हीकडून नीट ओढलं जातंय हे पेशीला कळतं कसं?’ हिला उत्तर देता आलं नाही. फेब्रुवारीत जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा आहे. तिचे बाबा म्हणतात, आधी स्वतःचं बघ, मग जगाचं. तिला थांबवू का?
– एक आई, धायरी

ताई, नमस्कार.

थांबवू नका. पण आत्ता चाललंय तसंच चालूही देऊ नका.

आधी तिच्या बाबांचा मुद्दा घेते, कारण तो खरा आहे. जॅम म्हणजे तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या जागा रँकवर भरतात. तिथे तुमच्या लेकीने किती रविवार दिले हे कुणी विचारणार नाही. हे तिला स्पष्ट सांगा, तिला वाईट वाटलं तरी सांगा. बंगळुरूच्या आयआयएससीत किंवा आपल्या पाषाणच्या आयसरमध्ये, या विज्ञान संस्थांत, इंटिग्रेटेड पीएच.डी.ला (एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र) जायचं असेल तर मात्र मुलाखत असते, आणि तिथे मुलगी स्वतःच्या डोक्याने विचार करते का हे बघतात.

आता त्या प्रश्नाकडे येते. तुम्ही तो जाता जाता लिहिलात, मला मात्र तुमच्या पत्रातली तीच ओळ सगळ्यात मोलाची वाटली. गुणसूत्र लोकरीचं, मधला जोड म्हणजे बटण, आणि दोन्ही टोकांकडून येणारे तंतू सुतळीचे, असं मॉडेल असणार. आपण पुस्तकातली आकृती बघतो तेव्हा सगळं जागच्या जागी दिसतं, ताण दिसत नाही. त्या मुलीच्या बोटांना तो लागला. आणि पेशी खरोखरच तेच तपासते! प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंच्या तंतूंनी धरलंय आणि ताण बसलाय, याची खात्री होईपर्यंत ती विभाजन पुढे जाऊ देत नाही. ही तपासणी चुकली तर नव्या पेशींत गुणसूत्रं कमीजास्त होतात. कर्करोगाच्या पेशींत हे सर्रास आढळतं. तुमच्या लेकीला म्हणावं, हे उत्तर शोध, नीट वाच आणि पुढच्या वेळी त्या मुलीला सांग. पेशीचक्र जॅमच्या बायोटेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमातही आहे. तो रविवार वाया गेला असं मग बाबाही म्हणणार नाहीत.

डोळे नसले की जीवशास्त्र जमायचं नाही, असं आपण धरूनच चालतो. गीरात व्हर्मेय यांची दृष्टी वयाच्या तिसऱ्या वर्षी गेली. पुढे ते कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि शंखशिंपल्यांवर बोटं फिरवून, खेकड्यांनी फोडलेल्या आणि पुन्हा सांधलेल्या खुणांवरून त्यांनी उत्क्रांतीचा अभ्यास केला. आपल्याकडे १९३३ साली कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी, यांना बाई म्हणून बंगळुरूच्या याच आयआयएससीत प्रवेश नाकारला होता. त्यांनी धरणं धरलं, प्रवेश मिळवला, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली. दिव्यांगांसाठी आता २०१६चा कायदा आहे, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत निदान पाच टक्के जागा राखीव आहेत. पण दहावीपर्यंत ज्या मुलीच्या हाताला एकही पेशी लागली नाही, ती त्या जागेपर्यंत पोचणार कशी? तुमची लेक नेमकं तिथे काम करते आहे, आणि म्हणून मला ते मोडलेलं नकोय.

आता वेळेचं. डिसेंबरअखेरपर्यंत महिन्यातले दोनच रविवार, सकाळचे तीन तास. जानेवारीपासून परीक्षेपर्यंत पूर्ण बंद. हे त्या मुलींना आणि त्यांच्या बाईंना आधीच सांगायचं. एक दिवस अचानक जायचं बंद करणं हा त्या मुलींवर अन्याय आहे, असे स्वयंसेवक त्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात. एस.वाय.च्या एकदोघींना आत्तापासून सोबत न्यायचं, म्हणजे काम अडणार नाही. आणि एक वही ठेवायची : कोणतं मॉडेल, कुठे फसलं, मुलींनी काय विचारलं, पुढे काय बदललं. मुलाखतीत ही वही दहा प्रमाणपत्रांना भारी पडेल. प्रमाणपत्रांच्या आणि फोटोंच्या मागे तिला लागू देऊ नका.

ओळखीचं कुणी ‘परदेशी अर्जात हे चांगलं दिसतं’ असं सांगेल. त्यावर विसंबू नका. अमेरिकेत जानेवारी २०२५पासून सरकारनेच विविधता आणि समावेशनाच्या (डीईआय) उपक्रमांविरुद्ध आदेश काढले आहेत, तिथली हवा बदलली आहे. काम पटलं म्हणून करावं.

तिच्या कॉलेजात विचारा, नव्या शैक्षणिक धोरणातल्या कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्टमध्ये हे बसवता येईल का. बसलं तर त्याच कामाला क्रेडिट मिळतील. जॅमचा अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचा असतो, तो आधी भरून टाका. आणि त्या शाळेच्या बाईंकडून कामाबद्दल चार ओळींचं पत्र मागायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधी मागा.