बीएस-एमडीचा अर्ज भरण्यापूर्वी

बारावीनंतर थेट मिळणाऱ्या एमबीबीएसच्या प्रवेशासारखेच अमेरिकेतील बीएस-एमडी (पदवी आणि वैद्यकीय शिक्षण यांचा एकत्रित प्रवेश) असते, ही समजूत आपण प्रथम सोडावी. ब्राऊन विद्यापीठाचा पीएलएमई हा अभ्यासक्रम 8 वर्षांचा असून त्यात एमकॅट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही आणि पदवीचा विषयही मुक्तपणे निवडता येतो. उलट कॅन्सस सिटीतील मिझुरी विद्यापीठाचा 6 वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्याच वर्षापासून विद्यार्थ्याला रुग्णांपर्यंत नेतो. अन्यत्र वैद्यकीय महाविद्यालयात आपल्यासाठी राखून ठेवलेली जागा टिकवण्यासाठी ठरावीक जीपीए (पदवीतील सरासरी गुणांक), कित्येकदा एमकॅटचे गुणही लागतात, म्हणून ती अट बारकाईने वाचावी. अर्जातील निबंधाच्या पहिल्या मसुद्यात आमच्या मुलाने नुसती बक्षिसेच मांडली होती (दोष माझाच); पुढे वृद्धाश्रमातील आजींचा थरथरणारा चमचा सावरल्याचा प्रसंग त्याने लिहिला आणि मुलाखतीत सर्वाधिक प्रश्न त्यावरच आले.