आई दुपारी घरी एकटी असते. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना तिने कसं हाताळावं?

सेफ्टी डोअर न उघडता बोलायचं, एवढी एक सवय आधी लावा. "नको आहे" म्हणणं पुरेसं आहे. का नको ते सांगत बसू नये, कारण प्रत्येक कारणावर त्यांचं उत्तर तयार असतं.

सगळ्यात जपायचं ते "गॅस कंपनीकडून आलोय, शेगडी तपासायची आहे" म्हणणाऱ्यांपासून. अशी तपासणी खरोखर असते, म्हणूनच लोक फसतात. तोतया माणूस आत येतो, रेग्युलेटर गळतोय म्हणून घाबरवतो आणि भलत्या किमतीला पाइप गळ्यात मारतो. ओळखपत्र जाळीतूनच बघावं आणि गॅसच्या पुस्तकावरच्या वितरकाच्या नंबरवर फोन करून खात्री करावी. त्याने दिलेल्या नंबरवर नाही! खरा माणूस थांबतो. गॅसचा वास येत असेल तर १९०६ वर कळवा.

दागिने उजळून देणाऱ्यांशी तर बोलूच नये. आधी तांब्याचं भांडं लखलखीत करून विश्वास कमावतात, मग सोनं द्रावणात बुडवून त्यातलं काढून घेतात.

डायरेक्ट सेलिंग (म्हणजे दुकानाऐवजी विक्रेत्यांमार्फत थेट ग्राहकाला माल विकणाऱ्या) कंपन्यांच्या विक्रेत्यांना २०२१ च्या नियमांनुसार ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय घरी येता येत नाही. हे आईला बिनधास्त सांगू द्या. काही विकत घेतलं गेलंच, तर पावती जपून ठेवा. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आणि कुणी पाणी मागितलं तर जरूर द्यावं, पण आतलं दार लावून मगच स्वयंपाकघरात जावं.