बॉल पायथनचं डोकं डुगडुगतंय: वॉबल समजायचं की आजार?

तुमचा साप दीड वर्षाचा, विकणाऱ्याने ‘बम्बलबी’ म्हणून दिलेला. डोकं डुगडुगतं, उंदरावर झेप घेताना नेम चुकतो, आणि गेल्या पंधरवड्यात दोनदा मान उलटी करून छताकडे बघत बसला. हा वॉबल (काही जातींत जन्मजात असलेलं डोकं डुगडुगणं) की मेंदूचा आजार, आणि याला जोडी आणावी का, असे तुमचे दोन प्रश्न. जोडीचं उत्तर ‘नको’ असं आहे, कारण पुढे येईलच. पहिल्याला जरा वेळ लागेल.

मी डॉक्टर नाही. लेस्टरमध्ये राहते आणि नऊ वर्षं हे साप पाळते (इकडे यांना रॉयल पायथन म्हणतात). तीनपैकी एक तुमच्यासारखीच बम्बलबी आहे, नाव हळद. पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर तिला बघून साताऱ्याहून आई म्हणाली, “अगं, हिच्या अंगात आलंय का?” त्याहून नेमकं वर्णन मला कुठे सापडलेलं नाही.

बम्बलबी म्हणजे पेस्टल आणि स्पायडर या रंग-नक्षी ठरवणाऱ्या दोन जनुकांचा साप. त्यातलं स्पायडर आलं की डुगडुगणं आलंच. कुणाचं इतकं कमी की मालकाला वर्षभर कळत नाही, कुणाचं इतकं की मान मळसूत्रासारखी पिळत जाते. जगातले सगळे स्पायडर 1999 च्या सुमारास आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या एकाच सापाच्या वंशातले, त्यामुळे ‘आमच्या लाइनमध्ये वॉबल नाही’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर हसून पुढे जा. बरीच वर्षं हा मेंदूचा दोष मानला जायचा. 2022 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मायक्रो सीटीने या सापांचा आतला कान तपासला, तेव्हा तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्याजवळची पिशवी वेडीवाकडी निघाली. सापाला बाहेरचा कान नसतो, पण आतला असतो, आणि वर कुठे, खाली कुठे हे त्याला तिथूनच कळतं. म्हणजे बहुधा तुमच्या सापाचा तोल जन्मापासूनच बिघडलेला आहे. भूक लागली, हाताळलं, नव्या टबात ठेवलं की डुगडुगणं वाढतं आणि निवांत पडला की कमी होतं.

पण इथेच खरी अडचण आहे. स्पायडर पाळणाऱ्याला डोकं हलण्याची सवय होते, आणि जे वॉबल नाही तेही वॉबलच्या खात्यात जमा होतं. माझंच सांगते. चार वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी हळद टबाच्या कोपऱ्यात मान पिळून पडली होती. मला वाटलं, सोमवारी खाण्याचा दिवस, भूक लागली असेल. चहा घेतला, कपडे वाळत घातले. तासाभराने पाहिलं तर पोट वर, तोंड किंचित उघडं, आणि सुलटं व्हायची धडपडही नाही. हात घातला तर टबाचा तळ चटका बसावा इतका तापलेला. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) चिकटपट्टी सुटून बाहेर लादीवर पडला होता. लादी गार, म्हणून थर्मोस्टॅटला वाटत होतं टब गार आहे, आणि तो हीट मॅट तापवतच होता. उबदार बाजू 31 ते 32 अंश हवी, मी मोजली तेव्हा 43 होती. तिला साध्या खोलीच्या तापमानाच्या टबात हलवलं (गार पाणी ओतू नका, तो दुसरा धक्का) आणि डॉक्टरला फोन लावला. ती वाचली, पण झेप तेव्हापासून आणखी तिरकी झाली. तो तास माझा, थर्मोस्टॅटचा नाही. तिचं डोकं रोजच हलायचं, म्हणून त्या दिवशी वेगळं हललं ते मला दिसलंच नाही.

म्हणून सापाकडे बघून ‘वॉबल की आजार’ ठरवायला जाऊ नका. कालच्या सापाशी आजचा ताडून बघा. वॉबल सहसा लहानपणापासून दिसतो आणि ज्याच्या-त्याच्या पातळीवर टिकून असतो. डुगडुगत का होईना, साप खातो, कात टाकतो, जीभ लवलवत फिरतो, हातात घेतला तर पकड घट्ट असते. आजार मधूनच सुरू होतो आणि चढत जातो. तुमच्या प्रश्नात मला ‘डोकं डुगडुगतं’ने काळजी वाटली नाही, ‘गेल्या पंधरवड्यात’ने वाटली. विकत घेतल्यावर काढलेले जुने व्हिडिओ फोनमध्ये असतील तर आजच शोधा. त्यातही मान अशीच उलटत असेल तर अर्धा जीव भांड्यात पडेल.

आता घर तपासा. प्रोब कुठे आहे, आणि थर्मोस्टॅटवरचा आकडा सोडून वेगळ्या थर्मामीटरने तळाचं तापमान किती भरतं? महिन्याभरात पेस्ट कंट्रोल झालंय का, त्या खोलीत झुरळांचा स्प्रे मारलाय का? माइट्ससाठी (सापाच्या अंगावरच्या बारीक किडींसाठी) कुत्र्याचं औषध कुणी सुचवलं आणि तुम्ही लावलंत का? या फवाऱ्यांतली बरीच द्रव्यं मज्जासंस्थेवरच काम करतात, किड्याच्या आणि जास्त झाली तर सापाच्याही. असं काही असेल तर टब बदला, हवा खेळती ठेवा, डॉक्टरला औषधाची बाटलीच दाखवा.

छताकडे बघण्याचं आणखी एक कारण असतं. श्वासाचा संसर्ग झालेला पायथन हवा मिळावी म्हणून मान उंच धरून बसतो, आणि फोटोत ते हुबेहूब ‘तारे बघणं’ (मज्जासंस्था बिघडल्यावर मान उलटी होणं) वाटतं. रात्री शांततेत कान लावा. शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यांसारखा आवाज, तोंडाच्या कडेला चिकट लाळ, उघड्या तोंडाने श्वास यातलं काही दिसलं तर तोलाचा विषय बाजूला ठेवून फुप्फुसांचा घ्या. पायथनमध्ये निडोव्हायरस नावाचा विषाणू नेमकं हेच करतो.

ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो आजार म्हणजे इन्क्लूजन बॉडी डिसीज, आयबीडी. त्यामागचा अरेनाव्हायरस 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. बोआ (पायथनसारखाच पाळला जाणारा दुसरा साप) हा विषाणू महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं अंगावर बाळगून ठणठणीत दिसतो. पायथनला मात्र तो झपाट्याने पाडतो: थरथर, मान मागे वळणं, उताणा केला तर सुलटं न होता येणं, आणि बऱ्याचदा काही आठवड्यांत शेवट. औषध नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारते, घरात किंवा विकणाऱ्याकडे शेजारच्या टबात बोआ होता का, आणि अंगावर कधी बारीक काळे माइट्स दिसले का? माइट्स हा विषाणू इकडून तिकडे नेतात असा दाट संशय आहे. दोन्हींचं उत्तर ‘नाही’, साप दीड वर्षं एकटाच, खातोय आणि वजन टिकून आहे, तर आयबीडीची शक्यता बरीच मागे पडते. होकार असेल तर डॉक्टरला रक्त आणि अन्ननलिकेतला स्वॅब यांच्या पीसीआरबद्दल विचारा. एकदा निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, पुन्हा करावी लागते.

घरी एकच चाचणी करा, तीही एकदाच. भरपूर आधार देत सापाला मऊ टॉवेलवर हळूच उताणा ठेवा. धडधाकट साप डोक्यापासून सुरुवात करून काही सेकंदांत पोटावर येतो. स्पायडर वेडावाकडा, जरा उशिरा, पण येतो. जो प्रयत्नच करत नाही किंवा अर्धा वळून तसाच राहतो, त्याला त्याच दिवशी दाखवायला न्या. दर तासाला करून बघू नका, बिचाऱ्याचा छळ होतो.

डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेलाच शोधा. जाताना दोन-तीन व्हिडिओ, शेवटचं खाणं आणि शेवटची कात यांच्या तारखा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर घेतलेलं वजन न्या. तुम्ही पुण्यात आहात. परिवेश या सरकारी पोर्टलवर सापाची नोंद राहून गेली असेल तर ती उरका, पण त्या धाकाने दवाखाना लांबवू नका.

जोडीचं कारण आता सांगते. स्पायडर आणि साधा साप यांच्या पिल्लांत सरासरी निम्मी स्पायडर, म्हणजे निम्मी डुगडुगणारी. दोन्ही स्पायडर असले तर ज्या पिल्लाला ते जनुक दोन्हीकडून मिळतं ते जगतच नाही. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने 2018 पासून आपल्या प्रदर्शनांत स्पायडरची विक्री बंद केली. आहे त्याला सांभाळा, नवे जन्माला घालू नका.

नेम चुकण्यावर उपाय सोपा आहे. मेलेला, कोमट केलेला उंदीर लांब चिमट्यात धरून जमिनीलगत अगदी स्थिर ठेवायचा. आपण हलवून दाखवतो ना, त्यानेच तो आणखी चुकतो. काल हळदने पहिल्या झेपेत पाण्याचं भांडं पाडलं, दुसरीत काहीच नाही, तिसरीत उंदीर पकडला, चिमट्यासकट. चिमटा सोडवून घ्यायला मला दहा मिनिटं लागली.