गेल्या वर्षीच्या रोगट मिरचीचं बी यंदा कुंडीत लावावं का?

तुम्ही लिहिलंय की झाडाची पानं आकसली होती आणि काही मिरच्यांवर काळे डाग होते. ही दोन वेगळी दुखणी आहेत. बी ठेवायचं की टाकायचं, ते मुख्यतः डागांवरून ठरवा.

पानांचा बोकड्या, म्हणजे हे आकसणं, बहुतेक वेळा फुलकिडे, कोळी (माइट) नाहीतर पांढऱ्या माशीमुळे येतो. फुलकिडे-कोळ्यांनी पानं वाकडी केली असतील तर ते बियांत उतरत नाही. पानांवर पिवळी-हिरवी चित्री होती का, ते मात्र आठवून बघा. तशी असेल तर बी टाका, ती मोझॅक रोगाची खूण, आणि त्याचा विषाणू बियांच्या सालीवरही टिकतो.

गोल, खोलगट काळे डाग म्हणजे फळकुज. ही बुरशी बियांतून पुढच्या पिकात जाते. मी हे भोगलंय. नाशिकला सिडकोतल्या आमच्या गच्चीवर धडधाकट मिरच्या सगळ्या ठेच्यात गेल्या, डागाळलेल्या उरल्या, म्हणून त्याच बियांसाठी वाळवल्या. घरोघरी बहुधा असंच होतं! रोपं चार पानांवर यायच्या आत बुडाशी कुजून आडवी झाली. (पाणीही जरा जास्तच घालत होतो, ते वेगळं.)

तेव्हा आधी तपकिरी-काळपट बिया निवडून फेका, फिकट पिवळ्या ठेवा. पाण्यात तरंगतं ते बी खोटं, यावर जाऊ नका, मिरचीचं चांगलं कोरडं बीही आधी तरंगतं. त्यापेक्षा २० बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात, उबेला ठेवा. दहा-बारा दिवसांत १२-१४ तरी मोडावल्या तर पुढची खटपट करा. कागदावरच बुरशी धरली तर बी रोगट आहे, समजून घ्या.

उरलेल्या बियांची पुरचुंडी ५२ अंशांच्या पाण्यात ३० मिनिटं ठेवा, लगेच गार पाण्यात टाका, सावलीत सुकवा. थर्मामीटर नसेल तर या वाटेला जाऊ नका, अंदाजाने बी शिजतं. पेरताना चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पूड) चोळा. कुंडीतली जुनी माती नको, ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या.

मूळ रोप संकरित असेल तर मिरची तशीच येईल असं नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत पेरू नका, नाशिकच्या थंडीत बी नुसतं पडून राहतं. फेब्रुवारी सरताना लावा.