आईला बायपोलरसाठी लिथियम सुरू केलंय. किडनी खराब होते का?

मी डॉक्टर नाही, पण धाकटा भाऊ अकरा वर्षं हीच गोळी घेतोय. किडनी आणि थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, हे खरं. म्हणूनच साधारण दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनीची) आणि टीएसएच (थायरॉइडची) या रक्ततपासण्या करायला सांगतात. पण बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका कमी करण्यात हिच्या तोडीची औषधं फार थोडी.

खरी भानगड रक्तातल्या लिथियमच्या पातळीची. ती बहुधा ०.६ ते १.० (mmol/L) मध्ये ठेवतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री नऊला घेतली तर सकाळी नऊला. सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. (लॅबवाले हे विचारत नाहीत, आपणच सांगायचं.)

भाऊ एका वर्षी पालखीबरोबर दिवे घाट चढला. पाणी कमी प्यायला, गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणून तीन दिवस खाल्ली. या दोन्हींनी लिथियमची पातळी चढते. सासवडहून परतला तेव्हा जुलाब सुरू, आणि हातातला चहा निम्मा बशीत. पातळी निघाली १.८! दोन दिवस सलाइनवर होता.

बोटांची बारीक थरथर बऱ्याच जणांना असते. मोठी थरथर, उलट्या, तोल जाणं दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठा. निर्जळी उपास नको, अचानक अळणी जेवणही नको. बीपीच्या काही गोळ्यांनीही पातळी चढते, तेव्हा बीपीच्या डॉक्टरांना लिथियमचं आठवणीने सांगा. अंगदुखीला आमच्याकडे आता फक्त पॅरासिटामॉल असते.