सोसायटीच्या बास्केटबॉलमध्ये दर रविवारी होणारी भांडणं कशी थांबवायची?

तुमचा प्रश्न असा, की सोसायटीत बारा वर्षांच्या आतल्या मुलांचे सामने घेता, दर वेळी कोच, पालक आणि पंच यांची जुंपते आणि दोन मुलांनी तर यायचंच सोडलं.

मी मुंबईच्या नागपाड्यात खेळायला शिकलो. गुडघा गेल्यावर बरीच वर्षं शिट्टी वाजवली, म्हणून शिव्या कुठून सुरू होतात ते जवळून पाहिलंय. निम्म्या तर नियम माहीत नसल्यामुळेच असतात. बॉल घेऊन घुसलेलं पोर आपटलं की सगळे पालक ‘फाऊल!’ ओरडतात. फाऊल असतोही, पण कधीकधी त्याच पोराचा. बचाव करणारा आधीच समोर येऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभा असेल आणि याने त्याच्या छातीवर धडक दिली, तर चूक धडकणाऱ्याची. सामन्याआधी दोन मुलं कोर्टावर उभी करून एवढं पालकांना दाखवा. पाच मिनिटं लागतात.

दुसरं, रिंग. मोठ्यांची रिंग ३.०५ मीटरवर असते, लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलची २.६० मीटरवर, आणि बॉल लहान, ५ नंबरचा. सोसायटीत बहुधा मोठीच रिंग असते आणि मुलांचा बॉल तिथवर पोचतच नाही. मग सामना ६-४ असा संपतो आणि अशा सामन्यात एकेक शिट्टी डोंगराएवढी होते. बास्केट पडायला लागल्या की निम्मी कुरबुर आपोआप विरते. रिंग खाली घेता येत नसेल तर निदान बॉल तरी लहान आणा.

आता कोच. यात मीही पापी आहे. एका शालेय स्पर्धेत पंचाशी हुज्जत घालून मी टेक्निकल फाऊल, म्हणजे धक्काबुक्कीचा नाही तर वागणुकीचा फाऊल, ओढवून घेतला होता. समोरच्यांना एक फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता बास्केट करायची संधी, मिळाला, त्याचं काही नाही. पुढच्या क्वार्टरला माझी पोरंही हातवारे करत पंचाच्या अंगावर जाऊ लागली, ते अजून आठवतं. तेव्हा तुमच्या पंचांना सांगा, टेक्निकल द्यायचाच तर लवकर द्या, शेवटच्या मिनिटाला नको. शंका असेल तर खेळ थांबलेला असताना कॅप्टनने नीट विचारावं. विचारायचा हक्क त्याचा आहे, बाबांचा नाही.

पंच बहुतेक कॉलेजची मुलंच असणार. त्यांना मानधन द्या, ऑक्टोबरच्या उन्हात पाणी द्या, आणि जोडीला एखादा जुना माणूस द्या. स्कोअरशीटवर दोन्ही टीमचा एकेक पालक बसवा. लिहायला बसलेला माणूस फारसा ओरडत नाही, हा माझा अनुभव!

आणि सरावात प्रत्येक मुलाला पाच मिनिटं शिट्टी द्या. सगळ्यात जास्त तक्रार करणाऱ्याला आधी. यायचं सोडलेल्या त्या दोघांनाही याच कामासाठी बोलवा. खेळायचं त्यांचं ते ठरवतील.