दोन वर्षांचे मूल आणि दीड महिन्याचे बाळ घेऊन आरोग्य उपकेंद्रापर्यंत पायी कसे जावे?

पांदण रस्त्याने जायचे असल्यास बाबागाडीचा विचार सोडावा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांना असा लिंपतो की शेवटी गाडीच उचलून न्यावी लागते. बाळाला मऊ सुती लुगड्याच्या झोळीत छातीशी उभे बांधावे, म्हणजे एक हात मोठ्या मुलासाठी मोकळा राहतो. मात्र झोळी सैल नसावी, बाळाचे नाक-तोंड सतत दिसावे, हनुवटी छातीवर दबू नये आणि उन्हासाठी पदर ओढताना चेहरा झाकला जाऊ नये. मोठे मूल अर्ध्या वाटेत बसकण मारणारच (माझ्या थोरल्याने तर प्रत्येक बाभळीखाली मारली), त्यामुळे दुप्पट वेळ धरूनच निघावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा दुपारची वाट टाळावी. मोठ्यासाठी पाणी सोबत घ्यावे. ६ महिन्यांखालील बाळाला मात्र उन्हाळ्यातही वरचे पाणी न देता सावलीत थांबून पुन्हा पुन्हा अंगावर पाजावे. केवळ लसीसाठीच जायचे असेल, तर आधी आशाताईंना विचारावे, कारण ठरलेल्या दिवशी गावच्या अंगणवाडीतही लसीकरण होते.